रिकाम्या खोलीचं पाणी

१

एसी पाणी तयार करत नाही, हे मी गेली बावीस वर्षं लोकांना सांगतोय. आणि बावीस वर्षं लोक माझ्याकडे, हा मिस्त्री त्या यंत्राची बाजू घेतोय, अशा नजरेने बघतात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसंच हे. पाणी तांब्याचं नसतं, हवेचं असतं. एसी फक्त ते गोळा करतो, आपल्या ट्रेमध्ये धरतो आणि नळीने बाहेर सोडतो.

मग हवेत ते येतं कुठून? उघड्या खिडकीतून येतं, ओल्या टॉवेलातून येतं आणि माणसातून येतं. एक माणूस दार लावून रात्रभर झोपला तर पेलाभर पाणी नुसत्या श्वासातून आणि घामातून सोडतो. सकाळी बाहेरच्या बादलीत जे साठलेलं दिसतं, त्यात आपलाही वाटा असतो. हे सांगितलं की बायका नाक मुरडतात आणि ते पाणी झाडांना घालायचं बंद करतात.

पाणी बाहेर जायचं सोडून खोलीत गळायला लागलं की मला बोलावणं येतं. गळायची कारणं पाच, हाताच्या बोटांएवढी. जाळी तुंबलेली, नळी तुंबलेली, यंत्र तिरकं बसवलेलं, ट्रेला चीर गेलेली, नाहीतर गॅस कमी झालेला. सहावं बोट मला कधी लागलं नाही.

आणि एक गंमत जवळजवळ प्रत्येक घरी होते. मी पोचलो की गळायचं थांबतं. "अहो, आत्ता तुम्ही यायच्या आधी नुसती धार लागली होती!" असं म्हणत मालक ओशाळतो. वैद्य दारात आला की ताप उतरतो, तसलाच प्रकार. मी त्याला धीर द्यायला म्हणायचो, "यंत्राला मिस्त्रीची भीती वाटते हो." हा विनोद मी हजार वेळा केला असेल. आता करत नाही.

२

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी एका शिडीवर होतो.

"दादा, गावभर एसी दुरुस्त करत फिरतोस आणि सख्ख्या भाचीच्या खोलीत भिंत भिजतेय."

"मग सोनारानेच कान टोचायचे ना. येतो संध्याकाळपर्यंत."

बहीण एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीशी बसते. मेहुणे बोटीवर असतात, वर्षातले आठ महिने घरात त्यांचे फक्त बूट असतात. भाची नऊ वर्षांची, तिला आम्ही चिमी म्हणतो. चिमीला दमा आहे. लहानपणापासून तिच्या छातीतून मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि तो वाढला की बहिणीचा चेहरा पांढरा पडतो. ते मी दोनदा पाहिलं आहे. दोन्ही वेळा मी चिमीला पाठीवर घेऊन तीन मजले उतरलोय. तेव्हा त्या पोरीची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला धुळीपासून आणि ओलीपासून लांब ठेवा. भिंतीला बुरशी धरली तर औषधं पाण्यात गेली म्हणून समजा. म्हणून बहीण-मेहुण्यांनी या नव्या घरात गॅलरीकडची खोली तिला दिली, खिडकी पक्की बंद करून घेतली आणि एसी बसवला. बसवणारा मी नव्हतो, मी तेव्हा परगावी कामावर होतो. चिमी शाळेतून यायच्या आधी शेजारीण तासभर एसी चालू करून ठेवायची, म्हणजे पोरीला गार आणि स्वच्छ हवा मिळावी. चिमी यायची तेव्हा भिंतीवरून पाणी ओघळलेलं असायचं आणि नळीचं पाणी गॅलरीतल्या बादलीबाहेर सांडत असायचं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर ते पाणी पडायचं आणि ते खालून बहिणीला छड्या मारल्यासारखे शब्द मारायचे.

मी जाळी धुतली. नळीत फुंकर मारून शेवाळाचा बोळा काढला. ट्रेमध्ये मगभर पाणी ओतलं, ते सुतासारखं सरळ बाहेर गेलं. मग दार लावून मी आणि चिमी आत बसलो. दीड तास पत्ते खेळलो, तीन डाव मी हरलो. भिंत कोरडी राहिली. बादलीतही थेंब नव्हता.

"झालं," मी म्हणालो. "नळी तुंबली होती."

दुसऱ्या दिवशी साडेतीन वाजता शेजारणीचा फोन आला. भिंत पुन्हा भिजली होती.

३

मी पुन्हा गेलो आणि पाचही बोटं पहिल्यापासून मोजली. यंत्र पट्टी लावून पाहिलं, तिरकं नव्हतं. ट्रेला चीर नव्हती. गॅस बरोबर होता. नळीसाठी भिंतीत पाडलेल्या भोकातून बाहेरची हवा येत असेल म्हणून ते लांबी भरून बंद केलं. एवढं होईपर्यंत दोन तास गेले आणि तोवर एकही थेंब पडला नाही. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा घे आधी." मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो.

तेव्हा गॅलरीत टप टप सुरू झालं. पाठोपाठ धार लागली.

मी कप ठेवून खोलीत गेलो. धार थांबली. बाहेर आलो, चार-पाच आकडे मोजले, धार पुन्हा सुरू. आत पाऊल टाकलं की बंद. असं मी सहा वेळा केलं. बहीण दारात उभी राहून बघत होती आणि हसत होती. "अरे, लपंडाव खेळतोयस का त्याच्याशी?"

कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं, पण माझं डोकं मिस्त्रीचं. आत माणूस आला की जमीन जरा दबत असेल, भिंत हलत असेल, नळीचा उतार बदलत असेल. नव्या इमारतींचा काय भरवसा! मी बहिणीच्या घरातले दोन्ही गॅस सिलिंडर उचलून खोलीच्या मधोमध आणून ठेवले. त्यांचं वजन माझ्याइतकंच भरलं असेल. दार लावून बाहेर आलो. धार पुन्हा सुरू झाली. सिलिंडरांना ती घाबरत नव्हती.

मग मी माझी मापाची बादली आणली. तिच्यावर मी स्वतः लिटरच्या रेघा मारलेल्या आहेत. दुपारी एक ते तीन खोली बंद ठेवली, आत कुणी नाही, दाराच्या फटीला ओलं फडकं नको म्हणून कोरडा टॉवेल. बंद खोलीतल्या सगळ्या हवेत मिळून पाणी असतं किती? अर्धा लिटर, फार तर. ते निघालं की यंत्राने कोरडं पडावं, कारण आत नवीन पाणी घालणारं कुणीच नाही.

तीन वाजता दोन लिटरची रेघ बुडाली होती.

मी गॅलरीत स्टुलावर बसून हिशेब केला. एवढ्या वेळात एवढं पाणी निघायचं तर त्या खोलीत वीसेक माणसं श्वास घेत बसलेली हवीत. वीस, किंवा मग एकच. पुढे मी हिशेब केला नाही. बादली हेडमास्तरांच्या नजरेआड रिकामी केली आणि हात धुतले.

४

आता माझी चूक सांगतो.

आमच्या धंद्यात कोरडं म्हणजे दुरुस्त. गिऱ्हाइकाची जमीन कोरडी, नळी कोरडी, की वहीत तक्रारीपुढे बरोबरची खूण करायची आणि पुढच्या घरी जायचं. ते का कोरडं झालं, हे कोण विचारतं? बावीस वर्षांत एकही तक्रार मी अर्धी सोडलेली नव्हती, आणि सख्ख्या बहिणीसमोर हात टेकायची मला लाज वाटत होती. शिवाय भिंत कोरडी राहायलाच हवी होती, चिमीच्या छातीसाठी.

तेव्हा मी तोंडावर इस्त्री फिरवून सांगितलं, "यंत्र रिकाम्या खोलीत चालवू नका. आत माणूस असला की हवा फिरते, दाब नीट राहतो. चिमी आत असतानाच चालवा. आणि कधी चुकून गळायला लागलंच, तर कुणीतरी आत जाऊन बसा. थांबेल."

"एवढंच?" बहीण म्हणाली.

"एवढंच."

दाबाबिबाचं ते सगळं मी तिथल्या तिथे रचलं होतं.

पण उपाय लागू पडला. एक आठवडा गेला, दोन गेले, भिंत ठणठणीत. हेडमास्तर जिन्यात भेटले तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कामात चोख आहात हो." आणि खरी आनंदाची गोष्ट वेगळीच होती. चिमीला दर पंधरा दिवसांनी डॉक्टर एका नळीत फुंकायला लावतात, फुंकर किती जोरात आहे ते त्यावर कळतं. तिचा आकडा वर्षभर जिथल्या तिथे होता तो एकदम वर गेला. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर एवढी सुधारणा क्वचित दिसते. बहीण फोनवर रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू. त्या रात्री मी वहीत खूण केली आणि शांत झोपलो.

महिन्याने जेवायला गेलो होतो. हात धुवायला गॅलरीत गेलो आणि सवयीने बादलीकडे बघितलं. तळाशी धूळ होती. नळीच्या तोंडात कोळ्याने घर केलं होतं, चांगलं जुनं, त्यात दोन वाळकी चिलटं अडकलेली.

म्हणजे महिनाभर या नळीतून काहीच आलं नव्हतं. एसी रोज रात्री चालला होता. दार बंद, खिडकी बंद, आत एक मूल नऊ-नऊ तास झोपलेलं. एक पेला तरी यायला हवा होता. तेवढंही नको, अर्धा. चिमीने रात्रभर सोडलेला श्वास भिंतीवर नव्हता, बादलीत नव्हता. मग तो जात होता कुठे?

हवा कोरडी असेल, असं मी घरी जाताना स्वतःला सांगितलं. भोकातल्या लांबीला भेग पडून ओल तिथून बाहेर जात असेल. रस्त्यात दोनदा गाडी थांबवली आणि दोनदा पुढे गेलो. मागे फिरलो असतो तर सांगणार काय होतो? "ताई, तुझी भिंत कोरडी आहे म्हणून मला भीती वाटतेय," असं कुणाच्या तोंडातून निघतं का? तसं मी तिला लाडाने ताईच म्हणतो, लहान असली तरी.

५

पुढच्या रविवारी दुपारी बहीण बाजारात जाणार होती, म्हणून मी मुद्दाम चिमीजवळ थांबायला गेलो. आम्ही बाहेरच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो. ती फिकट दिसत होती, पण छातीतला आवाज बंद झाला होता. मी कान देऊन ऐकलं. घुर्र नाही, शिट्टी नाही. तिचा श्वास मला ऐकूच येत नव्हता.

"चिमे, नळीत एवढं जोरात फुंकायला शिकलीस कुठे?"

"सराव केला." तिने एक शेंग फोडली. "आम्ही खेळतो ना."

"कोण आम्ही?"

"खोलीतला आणि मी. श्वास रोखून धरायचा. अळीमिळी गुपचिळीसारखं, पण श्वासाचं. जो आधी सोडेल तो हरला."

ती हे असं सांगत होती, जसं शाळेत बाकावर शेजारी कोण बसतं ते सांगावं. मी शेंगा सोलत राहिलो, कारण हात थांबवले असते तर तिला कळलं असतं.

"दिसतो का तो?"

"नाही रे मामा. तो खोलीत कुणी असलं की श्वास सोडतच नाही, मग दिसेल कसा?" तिला हे अगदी उघड वाटत होतं. "पहिल्यांदा मला कळलंच नव्हतं की खेळ चाललाय. मग कळलं."

"कोण जिंकतं?"

"तोच. रोज. पण माझे आता एकशे ऐंशी आकडे होतात."

एकशे ऐंशी. मी मनात वीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

"आणि तू हरलीस की?"

"मग मी सोडते." तिने टरफलं कागदावर टाकली. "आणि मी सोडलेला श्वास तो घेतो. थोडाच घेतो, सगळा नाही."

मी शेंगा बाजूला सारल्या. मी तिला म्हणालो की आजपासून आईजवळ झोपायचं, खेळ बंद. तिने मान डोलावली, नऊ वर्षांची मुलं डोलावतात तशी, ऐकल्यासारखी. मग ती उठली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. मी टरफलांचा कागद गोळा करून केराच्या डब्यात टाकला, हात झटकले, आणि तेव्हा मला एसीचा आवाज ऐकू आला.

६

दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं.

खोली तिची होती तशीच होती. टेबलावर वह्या रचलेल्या, दप्तर खुंटीला, पलंगावर निळी चादर. पलंगाच्या काठावर ती ताठ बसली होती. गाल फुगलेले, डोळे उघडे, नजर एसीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे भिंत आणि छत मिळतं. तिथे काहीही नव्हतं. मी दोनदा बघितलं. रंगाचा एक जरा जाड राहिलेला थर, बस्स.

"चिमे, सोड श्वास."

तिने न बघता एक बोट वर केलं. थांब.

मी मोजत नव्हतो, तरी आकडे डोक्यात पडत होते. तिचे ओठ गुलाबीचे जांभळे झाले. खोली इतकी शांत होती की एसीचा पंखासुद्धा लांब कुठेतरी फिरतोय असं वाटत होतं. माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरलाय. केव्हापासून, ते आठवेना. आणि मला स्पष्ट जाणवलं, या खोलीत श्वास धरून बसलेले आम्ही दोघंच नाही.

मी तिला उचललं. ती ताठ होती, हलकी होती. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, तोंड मागे कोपऱ्याकडे. दाराकडे वळलो आणि उंबऱ्यात पाय ठेवला, तेवढ्यात माझ्या मानेवर हवा लागली.

एसीची हवा गार असते. अठरा अंशांवर लावलेला होता तो. ही हवा उबदार होती आणि ओली. ती लागत राहिली, मानेवरून कानामागे, सदऱ्याच्या आत, थांबतच नव्हती. फार वेळ धरून ठेवलेलं कुणी सोडलं की जसं होतं, तशी. माझे केस ओले झाले. मी मागे वळलो नाही. एवढी एक गोष्ट मी बरोबर केली.

"हरला!" चिमी माझ्या खांद्यावरून ओरडली, आणि तिने श्वास घेतला. इतका मोठा, की तिची छाती माझ्या छातीवर आपटली. "मामा, तो हरला! मी जिंकले!"

मी दार ओढून घेतलं, तिला बाहेरच्या खोलीत कोचावर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला. "इथून हलायचं नाही," मी म्हणालो. ती हसत होती, धापा टाकत होती. ते ओठ पुन्हा गुलाबी होताना बघून मला रडूच आलं असतं, पण गॅलरीत पाणी कोसळायला लागलं होतं.

ती धार नव्हती, लोट होता. कोळ्याचं घर कुठल्या कुठे गेलं, बादली बघता बघता भरली आणि वाहायला लागली. खालून हेडमास्तरांचा आवाज आला, "अहो! हे काय चालवलंय पुन्हा!" एसीचं मुख्य बटण गॅलरीतच होतं, ते मी बंद केलं. बाहेरचा पंखा फिरत फिरत थांबला. आतला आवाजही बंद झाला. पाणी थांबलं नाही. बंद यंत्रातून ते तसंच येत राहिलं, हाताला कोमट लागणारं. मी गुडघ्यावर बसून नळी दोन्ही मुठींनी दाबली, ती माझ्या मुठीत फुगत होती. त्या आवाजात मला मागे घराचं दार उघडल्याचं ऐकू आलं, पिशव्या ठेवल्याचं, बहिणीचं "अगबाई, हे काय!" हेडमास्तर खालून बोलतच होते. बहीण आत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही.

मग पाणी थांबलं. नळ फिरवल्यासारखं, एकदम. नळी माझ्या मुठीत मऊ पडली.

बटणाने काम केलं, असं मला वाटलं. उशिरा का होईना. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो आणि हसलो. बहीण गॅलरीच्या दारात आली, पदराने कपाळ पुसत.

"थांबलं ना?" ती म्हणाली. "चिमीला म्हटलं, जा बाई, जाऊन बस जरा आत. तूच सांगितलं होतंस ना, दादा."